घर्र आणि टक

आमच्या घरी मायक्रोवेव्ह आहे, पण त्यात काही गरम करायचं नसतं. प्रत्येक पाहुण्याला हे दारातच सांगावं लागतं. एकदा माझ्या मावसबहिणीने मी सांगायच्या आतच त्याच्यात दुधाची बाटली ठेवून दार लावलं आणि अर्ध्या तासाने बाटली खरोखरच कोमट निघाली. तेव्हापासून तिच्यावर माझ्या नवऱ्याची मर्जी आहे. "तुझ्या माहेरच्या माणसांत शास्त्रीय वृत्तीची ती एकटीच," असं तो म्हणतो.

तो मायक्रोवेव्ह म्हणजे आमचा कॉम्प्युटर. बिघडलेला मायक्रोवेव्ह नवऱ्याने कुठून तरी उचलून आणला, आतलं सगळं काढून टाकलं आणि त्या पोकळ पोटात कॉम्प्युटर बसवला. बाहेरचं बटण दाबलं की तो सुरू होतो. एखादं मोठं काम संपलं की 'टिंग' वाजतं. गोल फिरणारी काचेची थाळीसुद्धा त्याने ठेवली आहे. का ठेवलीस म्हणून विचारलं तर तो माझ्याकडे असा बघतो, की जणू मी विचारलंय, तुला नाक कशाला आहे. त्या यंत्राला घरात सगळे 'भट्टी' म्हणतात.

ह्या लोकांची एक जमातच असते. साधा, दुकानातला कॉम्प्युटर ह्यांच्या डोळ्यांना बघवत नाही. एकाने तो टपालपेटीत बसवलाय, एकाने माशांच्या टाकीत. नवऱ्याचा जिवलग मित्र दातांचा डॉक्टर आहे. जमातीत त्याला सगळे 'दाढ' म्हणतात. त्याने शिकायच्या काळातला प्लॅस्टरचा भलामोठा जबडा घेऊन त्यात खेळाचा कन्सोल घातला. जबडा उघडला की खेळ सुरू, मिटला की बंद. मधेच जेवायला हाक आली तर सुळा दाबायचा, म्हणजे खेळ आहे तिथेच थांबतो. दवाखान्यात लहान मुलं तोंड उघडत नाहीत म्हणून त्याने तो खुर्चीसमोर ठेवला होता. मग मुलं घरी जाईनात, म्हणून काढला.

नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामात आहे. दिवसभर लोकांच्या कुरकुरणाऱ्या लिफ्ट गप्प करतो आणि घरी येऊन भट्टी. वर्षातून एकदा ह्या जमातीचा मेळावा भरतो. तिथे निरनिराळी बक्षिसं असतात, पण ह्याचं लक्ष एकाच बक्षिसावर: सर्वांत शांत यंत्र. तीन वर्षं हा दुसरा आला. तिन्ही वेळा पहिले आले गुरुजी, म्हणजे एक निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांचा कॉम्प्युटर चालू आहे की बंद, हे हात लावूनच कळतं. ह्या वर्षी गुरुजींना परीक्षक केलं. उघड होतं, बाकीच्यांनाही कधीतरी मिळावं. म्हणजे मैदान मोकळं. नवऱ्याने आठवड्याची रजा टाकली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर तांब्याच्या नळ्या पसरल्या.

"पंखेच काढतोय," तो म्हणाला. "सगळी उष्णता नळ्यांतून बाहेरच्या पत्र्यांत जाणार. हलणारी वस्तू एकही नाही. मग आवाज करणार कोण?"

"मी करीन," मी म्हटलं. "टेबलावर ताट ठेवायला जागा नाहीये."

माझंही त्या आठवड्यात एक काम होतं. मी पुस्तकांच्या सूच्या करते. जाड पुस्तकाच्या शेवटी कुठला शब्द कुठल्या पानावर ते छापलेलं असतं ना, ते कोणीतरी बसून करतं. ते कोणीतरी म्हणजे मी. बाळंतपणानंतरचं हे पहिलंच पुस्तक, मधमाश्यांवरचं, सहाशे पानांचं. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचं होतं. संपादकबाई गोड बोलल्या होत्या, "नाही जमलं तर मोकळेपणाने सांगा हं, दुसरी एक मुलगी आहे." ही 'दुसरी एक मुलगी' मी कधी पाहिलेली नाही. पण ती माझ्या डोक्यात राहते, तिला मूल नाही आणि तिचं टेबल रिकामं असतं.

माझ्याकडे वेळ होता रोज दुपारी दोन ते चार. कारण दोन ते चार आमचं बटण झोपतं.

बटण म्हणजे आमची मुलगी, नऊ महिन्यांची. जन्मली तेव्हा नवऱ्याने तिच्या नाकाकडे बघून म्हटलं, "अगं, हे तर सुरू करायचं बटण आहे." ते नाव चिकटलं ते चिकटलंच. रात्री ती कुशीत कशीही झोपते. दुपारी मात्र तिला तिचा पाळणा, तिची खोली आणि तिची वेळ हवी असते. ती एकदा झोपली की मी पाळण्याशेजारी, भट्टीच्या बाजूच्या टेबलावर, दोन तास मधमाश्यांमध्ये. सोमवार उजाडला तेव्हा मी 'फ'पर्यंत आले होते. मधमाश्यांच्या पुस्तकात 'म' काय प्रकार असतो ते सूची करणाऱ्यालाच कळेल. मध, मधमाशी, मेण, मकरंद, मोहोळ. त्या डोंगराच्या पायथ्याशी मी उभी होते.

सोमवारी सकाळी भट्टीचं काम संपलं. नवऱ्याने आम्हा दोघींना, म्हणजे मला आणि सासूबाईंना, बोलावून बटण दाबलं. दिवा लागला. बाकी काही नाही. आम्ही तिघं श्वास रोखून उभे.

"झाली का सुरू?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, केव्हाचीच झालीय." त्याचे डोळे भरून आले होते. आमच्या लग्नातही भरले नव्हते इतके.

जुने पंखे त्याने एका डब्यात घालून दाढला देऊन टाकले. आणि दुपारी दोन वाजता बटण झोपलं नाही.

मांडीवर घेतलं, खांद्यावर घेतलं, पाळणा हलवला. ती रडत नव्हती. नुसती टक्क उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत होती, जणू काही आठवायचा प्रयत्न करतेय. साडेतीनला रडायला लागली आणि तिच्याबरोबर मी. त्या दिवशी माझ्या हातून दोन नोंदी झाल्या, त्यांतली एक चुकीच्या पानाची.

मंगळवारी तेच. नवरा म्हणाला दात येत असतील आणि त्याने दाढला बोलावलं. दाढ दवाखाना अर्धा सोडून आला, हात धुतले, बटणाच्या हिरड्यांवरून बोट फिरवलं आणि ओरडला, कारण ती चावली.

"वहिनी, दात आलेले आहेत. दोन. चांगले तीक्ष्ण आहेत. त्रास तिला नाहीये, इतरांना आहे."

"मग झोपत का नाही, भाऊजी?"

"ते माझ्या विषयाच्या बाहेरचं. माझ्याकडे माणसं जागीच असतात." मग तो भट्टीसमोर जाऊन हात जोडून उभा राहिला. "काय केलंयस रे. काहीसुद्धा ऐकू येत नाही."

"नाही ना?"

"काहीच नाही."

दोघं त्या काहीच-नाहीकडे कान लावून उभे. मागे बटण भोकाड पसरून रडत होतं.

बुधवारी उलगडा केला तो सासूबाईंनी. त्यांनी अठ्ठावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. नुसत्या 'हॅलो'वरून त्या ओळखायच्या, माणूस उभा राहून बोलतोय की बसून, आणि कोणापासून लपून. सकाळपासून त्या घरात फिरत होत्या, ह्या खोलीतून त्या खोलीत, काही हरवल्यासारख्या.

"सूनबाई, मला एक सांग. आपल्या घरातून कोणी गेलंय का?"

"कुठे गेलंय, आई?"

"कोणीतरी घरात होतं ते आता नाही असं वाटतंय. परवापासून." त्या खोलीच्या मध्यावर थांबल्या, डोळे मिटले, मान थोडी कलती केली. मग डोळे उघडून त्यांनी भट्टीकडे बोट दाखवलं. "ही मेलीय."

बटण दवाखान्यातून घरी आलं ते ह्याच खोलीत. नऊ महिने दर दुपारी तिच्या उशापासून हातभर अंतरावर भट्टी घरघरत होती. नवऱ्याने ती कधी बंद केलीच नव्हती. आम्हाला वाटायचं मुलगी माझ्या गाण्यावर झोपते. माझं गाणं म्हणजे त्या घरघरीवर घातलेली नुसती कोथिंबीर.

"एवढंच ना?" नवरा म्हणाला. "सोपं आहे. आवाज रेकॉर्ड केलेला असेल कुठेतरी."

आवाज कोणी रेकॉर्ड करून ठेवलेला नव्हता, कारण त्याच्या दृष्टीने तो आवाज म्हणजे घरातली बदनामी. शेवटी फोनमध्ये बटण पालथं पडतानाचा एक व्हिडिओ सापडला. मागे भट्टी घरघरत होती. तो पुन्हा पुन्हा चालू राहील असा लावला. बटणाने कान टवकारले, डोळे जड झाले, एक मिटलासुद्धा. आणि चाळिसाव्या सेकंदाला व्हिडिओतला नवरा शिंकला. ती दचकून जागी झाली. पुन्हा डोळे जड, पुन्हा शिंक. नवव्या शिंकेला मी फोन बंद केला.

"शिंक कापतो," नवरा म्हणाला.

"मी तुझा कान कापते," मी म्हटलं. "पंखा आण."

गुरुवारी दाढ पंखा घेऊन आला. मऊ कापडात गुंडाळलेला, वर रिबीन. चेहऱ्यावर असा आनंद की मला आधीच शंका आली.

"वहिनी, काय अवस्था होती ह्याची. वर्षांची घाण. पात्यापात्याला कीट. मी दोन तास बसून एकेक पातं साफ केलं. मग पॉलिश. मग बेअरिंगमध्ये तेल." त्याने तो लावून दाखवला. पंखा गरगर फिरला. "ऐका."

आम्ही ऐकलं. काही नव्हतं.

"सोन्यासारखा झालाय," तो म्हणाला.

मी टेबलाशी जाऊन बसले आणि 'ब'च्या नोंदींवर कपाळ टेकलं. त्याला बिचाऱ्याला काय बोलणार? ह्या लोकांच्या हातात बिघडलेली वस्तू दिली की ती दुरुस्त होऊनच बाहेर येते, त्यांना दुसरं काही करताच येत नाही. नवऱ्याने त्याला समजावून सांगितलं, की आपल्याला हा बिघडवायचाय. दाढचा चेहरा पडला. निरोगी दात उपटायला सांगितल्यासारखा.

"पण नीट बिघडवायचा ना?" त्याने विचारलं.

मग दोघं कामाला लागले. ज्यांनी दहा वर्षं आवाज मारण्यात घालवली ते दोन पुरुष आवाज जन्माला घालायला बसले, आणि त्यांना तो जमेना. स्पिरिटने तेल काढलं. एका पात्याला मेण चिकटवलं. फार चिकटलं म्हणून खरवडून अर्धं केलं. मग दाढने दवाखान्यातून बारीक तराजू आणला आणि मेण मोजायला लागला. पंखा टेबलावर ठेवला तर नुसताच गुणगुणायचा. सासूबाई म्हणाल्या, "आवाज पत्र्याच्या पोटातून यायचा." पंखा भट्टीच्या पोटात घालायचा, तर तिथे तांब्याच्या नळ्या.

शुक्रवारी दुपारी एक वाजता नवरा भट्टीसमोर पाना घेऊन उभा राहिला. परवा मेळावा. मी म्हणणार होते, की राहू दे, दुसरी एक मुलगी आहे. पण बटण माझ्या कडेवरून त्याच्याकडे झेप घेत होतं. चार दुपारी न झोपलेलं, डोळ्यांखाली लाल झालेलं एवढंसं तोंड.

त्याने तिच्या नाकावर बोट टेकलं. मग पहिली नळी काढली.

"अरे," दाढ कुजबुजला, "ह्या वर्षी गुरुजी नाहीयेत शर्यतीत."

"माहितेय."

"तूच पहिला आला असतास."

"पाना दे."

पाऊण तासात नळ्यांचा ढीग झाला आणि पंखा जुन्या जागी बसला. बटण दाबलं. घर्र. पत्र्याचं पोट घुमलं, टेबल बारीक थरथरलं. मुलीला पाळण्यात ठेवलं. तिने मान वळवली. भट्टीकडे बघितलं. ओळखीचं माणूस रस्त्यात दिसावं पण नाव आठवू नये, असा चेहरा केला. आणि जागीच राहिली.

सासूबाई खुर्ची ओढून बसल्या, डोळे मिटले.

"घर्र आहे," त्या म्हणाल्या. "टक नाही."

"कसला टक?" नवरा पटकन म्हणाला.

"सात-आठ घर्रनंतर एक टक यायचा. हलका. नखाने कागद उडवल्यासारखा."

"माझ्या यंत्रात टक नव्हता, आई. टक असता तर मी चालू दिला असता का?"

"मी अठ्ठावीस वर्षं लोकांचं ऐकलंय, राजा. कोण कधी खोटं बोलतं तेही."

नवरा लाल झाला. आधी कान, मग मान. त्याने दाढकडे बघितलं, मग स्क्रूच्या डब्याकडे. तो उठला, डबा उघडला, खालच्या खणातून बारीकसं काही काढलं आणि मुठीत धरून उभा राहिला.

"हे पंख्यासमोरच्या जाळीला बांधलं होतं," तो म्हणाला. "काम करताना दिसावं म्हणून. हवा आली की हलायचं आणि पात्याला लागायचं. काढणार होतो. रोज काढणार होतो."

त्याने मूठ उघडली. आत प्लॅस्टिकची पट्टी होती. जन्मल्याबरोबर बाळाच्या पायात बांधतात ती. वर निळ्या शाईत माझं नाव, आणि पुढे 'ची मुलगी'.

मला वाटलं होतं ती पट्टी दवाखान्यातच हरवली. मी रडलेसुद्धा होते तिच्यासाठी, चार दिवसांची बाळंतीण रडते तशी, म्हणजे भरपूर.

"हवेच्या वाटेत?" दाढच्या आवाजात खराखुरा धक्का होता. "तू हवेच्या वाटेत पट्टी बांधलीस? तीन वर्षांतल्या शेवटच्या मेळाव्यालाही होती का?"

"तेव्हा ती पोटात होती, गाढवा. पट्टी कुठून असेल?"

"मग ह्या वर्षी…"

"ह्या वर्षी काढून ठेवली. म्हणून तर हे सगळं झालं ना."

पट्टी जाळीला बांधली. सासूबाईंनी जागा ठरवली. "अजून वर. जरा डावीकडे. ताणू नकोस, सैल राहू दे." त्या ऐकत होत्या आणि दाढ दातांच्या चिमट्याने गाठ मारत होता. घर्र, घर्र, घर्र. आणि मग टक.

बटणाने एक लांब उसासा टाकला, एखाद्या दमलेल्या कारकुनासारखा. अंगठा तोंडात गेला. तिसऱ्या टकाला पापण्या मिटल्या. आम्ही चौघं मोठी माणसं पाळण्याभोवती उभी, कोणी हलेना. मग दाढ चवड्यांवर दाराकडे गेला, उंबऱ्यात अडखळला आणि स्वतःचीच किंकाळी दोन्ही हातांनी दाबली.

मी टेबलाशी बसले. त्या दुपारी ती चार तास झोपली. चार दुपारींची थकबाकी होती. मी 'म' चढून पलीकडे उतरले. शनिवारी उरलेलं, 'र'मधली राणी, 'स'मधला समूह, पार 'ज्ञ'पर्यंत. पाचला दहा कमी असताना पाठवून दिलं.

रविवारी आम्ही मेळाव्याला गेलो, कारण जागा आरक्षित होती. टेबलावर भट्टी, टेबलाखाली बाबागाडी, गाडीत बटण. सभागृहात गलका होता, पण भट्टी सुरू केल्यावर पाचव्या मिनिटाला ती झोपली. लोक यायचे, बघायचे, काही विचारायला तोंड उघडायचे, खाली नजर जायची आणि तोंड मिटायचं. थोड्या वेळाने आजूबाजूची चार टेबलंसुद्धा खुणांनी बोलायला लागली. टपालपेटीवाल्याने आपली पत्र्याची झडप हाताने धरून ठेवली.

गुरुजी आवाज मोजायचं यंत्र घेऊन आले. भट्टीजवळ धरलं, आकडा बघितला, चष्मा वर करून पुन्हा बघितला.

"बावन्न," ते कुजबुजले. "मागच्या वर्षी एकोणतीस होता. काय झालं?"

नवऱ्याने खाली बोट दाखवलं. गुरुजी गुडघे धरत वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. मग उठून त्यांनी भट्टीला कान लावला.

"टक कशाचा?"

नवऱ्याने दार उघडून पट्टी दाखवली. गुरुजींनी ती वाचली.

"ही काढलीत तर तीनेक डेसिबल कमी होतील."

"हो, गुरुजी."

त्यांनी स्वतःच हळूच दार लावलं. आमचा नंबर शेवटून पहिला आला. निकालाच्या कागदावर दोषांच्या रकान्यात गुरुजींच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'टक. ठेवावा.' तो कागद नवऱ्याने चौकट करून लावलाय. मागच्या तिन्ही वर्षांची दुसऱ्या क्रमांकाची प्रशस्तिपत्रं कपाटात आहेत.

सोमवारी दुपारी अडीचला संपादकबाईंचा फोन आला.

"सूची छान झालीय," त्या म्हणाल्या. "एकच विचारायचं होतं. एक नोंद आहे, 'मोहोळातला आवाज: पाहा, झोप.' आणि 'झ'मध्ये झोपच नाही."

"काढून टाका," मी कुजबुजले. "शुक्रवारी दुपारची असेल ती."

"तुम्ही इतक्या हळू का बोलताय?"

"मूल झोपलंय."

"अय्या, सॉरी," असं म्हणून त्याही कुजबुजायला लागल्या, जणू त्यांच्याही टेबलाशेजारी पाळणा आहे. "पुढचं पुस्तक पाठवू ना? पुलांवरचं आहे. जाड आहे."

"पाठवा."

"आणि ते मागे टक टक काय वाजतंय? दारावर कोणी आहे का? तुम्हाला जायचंय का?"

"नाही," मी म्हटलं. "माझंच नाव वाजतंय ते."